शेवंतीची कूक

पडद्याकडे पाठ करून मी बसले होते. समोर सतरंजीवर सगळी वाडी दाटीवाटीने बसली होती. भर दुपारी अंधार हवा म्हणून शाळेच्या खिडक्यांना आम्ही ताडपत्री मारली होती, त्यामुळे आत भट्टी झाली होती. माझ्या पाठीमागे पडद्यावर थोड्याच वेळात एका मुलीचा खून होणार होता. त्या मुलीची खरी आई माझ्यासमोर, तिसऱ्या ओळीत, भिंतीला टेकून बसली होती.

मी फिल्म एडिटर आहे. शूटिंगमध्ये एकच गोष्ट दहा तऱ्हांनी घेतलेली असते. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशाला काय जोडायचं, ते मी ठरवते. म्हणजे ठरवते मी आणि नाव होतं डायरेक्टरचं. लोकांना अजूनही वाटतं की आम्ही कात्री घेऊन बसतो. कात्री कधीच गेली, आता नुसता माऊस आणि पाठदुखी.

सिनेमा पक्का होण्याआधी तो थोड्या लोकांना दाखवतात. याला टेस्ट स्क्रीनिंग म्हणतात. लोक कुठे चुळबुळ करतात, कुठे मोबाईल काढतात, कुठे डोळे पुसतात, ते बघायचं आणि मग परत एडिटला बसायचं. तोवर सिनेमा मला तोंडपाठ झालेला असतो. म्हणून मी पडद्याकडे पाठ करते आणि माणसं बघते. ही खोड आता इतकी जडली आहे की थिएटरात मी नवऱ्याच्याच तोंडाकडे बघत बसते. तो म्हणतो, तिकिटाचे पैसे तरी वसूल कर.

सिनेमा खऱ्या घटनेवरचा होता. घटना याच वाडीतली. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याच्या पुढे रानात ही वाडी आहे. तिचं नाव मी सांगत नाही. शेवंती गणेशगुडीला पर्यटकांच्या एका लॉजमध्ये स्वयंपाकघरात कामाला होती. येण्याजाण्याच्या वाटेवरच्या एका जीपड्रायव्हरने तिला लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती कामावरून परतत असताना, रानातल्या आडवाटेवर, त्याने तिला मारलं. तो पकडला गेला, कबूल झाला, आज जेलमध्ये आहे. कोणी मारलं हे शोधायचा हा सिनेमा नव्हता. एका घराचं काय झालं, ते दाखवायचा होता. निदान डायरेक्टर कौस्तुभ तसं म्हणायचा.

कौस्तुभ वयाने लहान, हुशार आणि जरा लवकर भारावणारा. प्रोड्युसरबाईंनी मला घेतलं ते मात्र वेगळ्या कारणाने. "तुम्ही तिकडच्याच ना?" असं त्या म्हणाल्या. माझं माहेर रामनगर. वडिलांचं किराणा दुकान, घराणं मूळचं खानापूरकडचं. रामनगर आणि ही वाडी एकाच तालुक्यात आहेत हे खरं, पण मधलं रान नकाशावर कळत नाही. आम्ही बाजारपेठेतली माणसं. उळवीच्या जत्रेला जाताना जीपच्या खिडकीतून दिसलं, तेवढंच आमचं रान.

सिनेमा बनवायची परवानगी देताना शेवंतीच्या आईने, सावित्रीबाईंनी, दोनच गोष्टी मागितल्या होत्या. पोरीचं नाव बदलायचं नाही, आणि लोकांना दाखवण्याआधी आम्हाला दाखवायचं. म्हणून आम्ही प्रोजेक्टर आणि जनरेटर घेऊन आलो होतो.

त्याआधी मुंबईत एक टेस्ट झाली होती. तिथे खुनाच्या सीनला लोकांनी माना फिरवल्या. पण खरे हलले ते त्याच्या पुढच्या सीनला. मुलगी आली नाही म्हणून आई अंधारात रानात धावत सुटते. पायात काही नाही, पदर काट्यात अडकतो, आणि ती "शेवंतीऽऽ, शेवंतीऽऽ" असा टाहो फोडत पळते. नटीने जीव ओतला होता. कॅमेरा तिच्याबरोबर धावत होता, आणि मी त्यात एकही कट दिला नव्हता. एक बाई हुंदके देऊन रडली. एक तरुण बाहेर पडताना म्हणाला, "आई अशीच असते यार." प्रोड्युसरबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, हा सीन ट्रेलरमध्ये जाणार.

वाडीतली माणसं निराळीच निघाली. सुरुवातीला नटी चुलीत लाकडं घालते तिथे बायका एकमेकींना कोपरखळ्या मारून हसल्या. एवढी लाकडं कोण घालतं? खुनाच्या वेळी मात्र सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. सावित्रीबाई पदराचं टोक चावत बसल्या होत्या. मला वाटलं, कठीण होतं ते पार पडलं.

मग माझ्या पाठीमागे नटी धावू लागली. "शेवंतीऽऽ!"

आणि समोरची सगळी खोली अस्वस्थ झाली. रडू नाही आलं कोणाला. माणसं दचकली. बायकांनी दाराकडे बघितलं. एक म्हातारी मोठ्याने बोलली, "नाव कशाला घेती गे ही? रानात नाव घेती!" कोणीतरी तिला गप्प केलं. त्याच वेळी मागच्या ओळीतला एक उंच, वाकलेला माणूस उठला आणि पडद्यावरचा उजेड अंगावरून जात असताना बाहेर निघून गेला. सावित्रीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. ते सिनेमा संपेपर्यंत वळवलं नाही.

माणसं सिनेमातून उठून जातात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना बाथरूमला जायचं असतं. या माणसाचं तसं नव्हतं. त्याची चाल मी बघितली होती.

ताडपत्री काढली. चहा झाला. कौस्तुभने माईक घेऊन विचारलं, "कसा वाटला?" त्याच म्हातारीने तोंड उघडलं.

"बाकी बरं हाय, लेका. पर दिवे लागायच्या वक्ताला रानात माणसाचं नाव घेत न्हाईत. रानाला नाव कळतं."

"मग हाक कशी मारता, आजी?"

"कूक घालतो की."

तिने ती घालून दाखवली नाही. दुपारी उगीच घालायची नसते, म्हणे. नुसतं समजावलं. घरातलं माणूस रानातून यायचं असलं की अंगणाच्या कडेला उभं राहून टाळूतून बारीक, लांब आवाज काढायचा, कूऽऽ. ज्याच्यासाठी घातली त्याने वाटेवरून तशीच परत द्यायची. परत आली की घरच्यांनी समजायचं, माणूस वाटेला लागलं, आता काळजी नको. मग आत जाऊन कामाला लागायचं. लांबून ती कूक बाईची की बाप्याची, म्हाताऱ्याची की पोराची, काही कळत नाही. सगळ्यांची सारखीच.

कौस्तुभ माझ्या कानाशी म्हणाला, "छान डिटेल आहे. पण आता उशीर झाला. आणि टाहोची ताकद त्यात नाही येणार."

मी म्हटलं, "बघू."

सावित्रीबाईंनी मला हाताने खुणावलं. त्यांचं घर शाळेला लागूनच होतं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. खाली उतारावर भातखाचरं, पलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे चढत गेलेलं रान. त्यातून एक पायवाट खाली येताना दिसत होती. ती कुठली वाट, ते मी विचारलं नाही.

"अक्का," त्या म्हणाल्या, "ती बाई लई धावली."

"हो."

"मी न्हाई धावले."

त्या पायवाटेकडे बघत होत्या.

"तुमचा पिच्चर लिवणारा आला हुता, तवा त्याला मी सांगितलं, हाक घातली म्हणून. त्यानं फुडं इचारलंच न्हाई. मी हितंच उभी हुते. कूक घातली. आन् परत आली, अक्का. तिकडनं, त्या चढावरनं, चांगली लांब आली. मी म्हटलं, आली माझी पोर. घरात गेले आन् न्हाणीचं पाणी तापत ठिवलं. दमून येती न्हवं ती." त्या थांबल्या. "पाणी उकळाय लागलं, तरी ती येईना. तवा समद्यांना बोलावलं. ती हाक देत हुती मला, आन् मी चुलीम्होरं बसले हुते. आता समदं जग बघंल, आन् म्हणंल, आई कशी धावली. मला कुठं तोंड लपवू झालंय."

पडद्यावरची आई सगळ्यांना रडवत होती, आणि तिच्यामुळे ही आई मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. मी म्हटलं, "बाई, तो सीन मी काढते." कबूल करून मोकळी झाले, पण तो सीन काढणं माझ्या हातात नव्हतं.

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती कूक. तीच शेवटची हाय माझ्याजवळ. तिचा आवाज. रोज सांजच्याला मी ती आठवती. लाजबी वाटती, आन् तीच आठवती."

ओट्याच्या खाली कोणीतरी खाकरलं. तो उंच माणूस फणसाखाली उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. सावित्रीबाई म्हणाल्या, "हे धाकूअण्णा. शेजारचे." मग त्याला, "या की वर."

तो वर आला नाही. टोपी काढून हातात धरली.

"वैनी, ती कूक माझी हुती."

सावित्रीबाईंनी त्याच्याकडे मान वळवली.

"त्या सांजंला मी गुरं घिऊन चढावर हुतो. खालनं कूक आली. तुमचं घर आन् माझं घर, भिंतीला भिंत. मला वाटलं, आमच्या घरचीच घातली. मी परत दिली. नंतर तुमी म्हणालात, तिनं मला परत दिली, येतीया ती. तवा माझ्या ध्येनात आलं. बोलणार हुतो. पर तुमी इतक्या भरवशानं बोलत हुता." त्याचा आवाज फाटला. "नंतर ती गावली. मग कसं बोलायचं? आज ती बाई धावाय लागली, आन् मला बसवंना. तुमीबी धावला असता, वैनी. माझ्यामुळं न्हाई धावला."

वाऱ्यावर कुठेतरी कोंबडं ओरडलं. मला वाटलं, आता या बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने पोरीची हाक ऐकून न ऐकल्यासारखं केलं नव्हतं. तिची चूक नव्हती. चूक असलीच तर दोन घरांची भिंत एक होती, एवढीच.

सावित्रीबाईंनी चढाकडे बघितलं. "म्हंजे तिनं मला परत दिलीच न्हाई."

"न्हाई, वैनी."

"काईच न्हाई."

धाकूअण्णा रडू लागला. म्हातारा माणूस उभ्या उभ्या, टोपी तोंडावर धरून. सावित्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. इतक्या वर्षांचा अपराध त्याने त्यांच्या अंगावरून काढला होता, आणि त्याबरोबर पोरीचा शेवटचा आवाजही काढून नेला होता. एक ठेवून दुसरं देता येण्यासारखं ते नव्हतं. मी एडिटर आहे, जोडलेलं वेगळं करणं हेच माझं काम. तिथे मला काही वेगळं करता आलं नाही. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

निघताना त्या मला गाडीपर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "अक्का, ते धावायचं काढा. कूक घाला तितं. आन् परत आलेली कूक पिच्चरमधी तिचीच ऱ्हाऊ द्या. धाकूचं काई दाखवू नगा. म्हातारा मरंल."

परतीच्या वाटेवर कौस्तुभला मी सगळं सांगितलं. सुपा धरणाचं पाणी मागे पडलं. मग तो म्हणाला, "पण हे खोटं होईल. ती कूक तिची नव्हती. सुरुवातीलाच आपण लिहितोय, सत्यघटनेवर आधारित."

"आणि आई अनवाणी धावली, ते खरं होतं?"

"ते सिनेमॅटिक लिबर्टी."

"मग हीसुद्धा लिबर्टीच. एवढंच की ही आपण घेतलेली नाही, तिने मागितली आहे."

मुंबईत पोचल्यावर प्रोड्युसरबाईंशी भांडला तोच. बाई वैतागल्या. लोक ज्या सीनला रडले, तोच काढताय? नवा सीन शूट करून, तात्पुरता आवाज लावून, आम्ही दुसऱ्या टेस्टला दाखवला. आई अंगणात उभी राहून कूक घालते, रानातून उत्तर येतं, आई आत जाते. बस्स. कोणीच रडलं नाही. एकाने विचारलं, "ही आई शोधायला का नाही गेली?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता बरोबर आहे, हाच प्रश्न ती बाई रोज स्वतःला विचारते. खूप वादावादी झाली. शेवटी तोडगा निघाला की सिनेमात कूक राहील, टाहो ट्रेलरमध्ये राहील. असले तोडगे आमच्या धंद्यात रोज निघतात.

राहिला आवाजाचा प्रश्न. नटीने स्टुडिओत कूक घालून बघितली. कोकिळा आजारी पडल्यासारखी वाटली. मग साउंड रेकॉर्डिस्टला घेऊन मी परत वाडीत गेले. सावित्रीबाईंना म्हटलं, वाडीतल्या एखाद्या मुलीला सांगा.

त्या म्हणाल्या, "पोरी कशाला? धाकूची आली हुती न्हवं? धाकूच घालंल."

धाकूअण्णा आधी तयार होईना. सावित्रीबाईंनी त्याला फणसाखाली नेऊन काहीतरी सांगितलं. मग तो एक माईक आणि रेकॉर्डिस्टचा माणूस घेऊन ओढा ओलांडून चढावर गेला. दुसरा माईक आम्ही अंगणात लावला. उन्हं उतरली. रेकॉर्डिस्टने फोनवर सांगितलं, द्या आता. तिकडून काहीच येईना. थोड्या वेळाने फोनवर निरोप आला. अण्णा विचारताहेत, खालनं कोणी घातल्याबिगर परत कशी देऊ?

हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इकडे तिकडे बघू लागले, कोणाला सांगावं म्हणून. तोवर सावित्रीबाई ओट्यावरून उतरल्या होत्या. अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळनंतर त्यांनी कधीच कूक घातली नव्हती, हे मला मागाहून वाडीतल्या बायकांनी सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला, आणि घातली.

बारीक, सरळ आवाज होता. खाचरांवरून ओढ्यापलीकडे गेला आणि विरला. मग चढावरून, चांगली लांबून, परत आली. कूऽऽ. बाईची की बाप्याची, म्हाताऱ्याची की पोरीची, खरंच कळत नव्हतं.

सावित्रीबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. रेकॉर्डिस्ट हेडफोन काढत म्हणाला, "फर्स्ट क्लास. सेफ्टीसाठी अजून एक घेऊ या?"

पण त्या वळल्या होत्या. घरात जाता जाता कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "पाणी ठिवते." आणि आत गेल्या. चहाचं म्हणत असतील, असं रेकॉर्डिस्टला वाटलं. बराच वेळ झाला तरी चहा आला नाही. मी आत डोकावले. न्हाणीच्या चुलीवर मोठा हंडा चढवलेला होता आणि सावित्रीबाई चुलीसमोर बसून रडत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

एकच टेक आहे तो. तोच सिनेमात आहे. चेहरा नटीचा, आवाज सावित्रीबाईंचा, आणि उत्तर त्या संध्याकाळी ज्याने दिलं होतं त्याचंच. बघणाऱ्यांना ते शेवंतीचं वाटतं. तसंच वाटायला हवं होतं.

सिनेमा लागला. ट्रेलरमधला रडण्याचा सीन कुठे गेला, म्हणून काही लोक नेटवर चिडले. खुनाचा सीन फार भयंकर आहे, असं पुष्कळांनी लिहिलं. कूकेबद्दल मला एकच प्रतिक्रिया सापडली. एकाने विचारलं होतं, संध्याकाळच्या सीनमध्ये मागे ओरडतो तो पक्षी कुठला? खाली दुसऱ्या कोणीतरी पक्ष्याचं नाव ठोकून दिलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

टेस्ट स्क्रीनिंगला मी अजूनही पडद्याकडे पाठ करूनच बसते. प्रेक्षक कुठे रडतात, ते पूर्वीसारखं टिपून ठेवते. पण हल्ली कोणी मध्येच उठून बाहेर गेलं, तर मीही उठते आणि त्याच्या मागोमाग जाते. बहुतेक वेळा त्याला बाथरूमलाच जायचं असतं.